होझियाची हजेरी

या, पुढं सरकून बसा. मागं बसलं की अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं माणूस आपल्या मनानं भरतो. ही गोष्ट तशी ऐकून चालायची नाही. साल्टर्स फोर्क गावच्या इडेला मॅक्लिनची गोष्ट आहे. देवानं तिला आवाज दिला होता, आणि आवाजाला शोभेल असं फटकळ तोंडही दिलं होतं. रविवारी ती गायला उभी राहिली की चर्चच्या मागच्या बाकावरची म्हातारी माणसं डोळे मिटून घ्यायची. त्याच तोंडाची तिला एका ऑक्टोबरात लाज कशी वाटली, ते सांगतो. मन लावून ऐका.

आमच्या टेकड्यांवर रताळी पिकतात. एकतीस वर्षांमागं टाउनातला गोरा व्यापारी आम्हां काळ्यांची गाडी फाटकातून आत यायच्या आधीच मालावर ‘दुय्यम’ची चिठ्ठी लावून मोकळा व्हायचा. तेव्हा अडतीस घरांनी भाग घातले आणि स्वतःची कंपनी काढली. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं ‘शेड’ म्हणतो. पत्र्याची शेड, माल धुवायचा पट्टा आणि मागच्या अंगाला ऊबेची खोली. खणलेलं रताळं त्या गरम, दमट खोलीत आठवडाभर राहिलं की त्याची साल बसते, गोडी चढते आणि ते वसंतापर्यंत टिकतं. तसंच ठेवलं तर जिथं ओरखडा असेल तिथून सडायला लागतं.

शेडच्या वार्षिक सभेला आधी भागधारकांची हजेरी होते. दुसऱ्याच वर्षी एक भागधारक ट्रॅक्टरखाली सापडून गेला. सभेत त्याचं नाव आलं तेव्हा त्याची बायको सवयीनं ‘हजर’ म्हणून गेली. तिला कोण थांबवणार? तेव्हापासून रिवाजच पडला. गेलेल्याचं नाव यादीतून काढायचं नाही. नाव पुकारलं की घरातल्या कुणीतरी उठून ‘हजर’ म्हणायचं.

इडेलाचा बाप होझिया टब्ज जाऊन अकरा वर्षं झाली होती. इडेला दर वर्षी उठायची आणि बापाच्या नावानं ‘हजर’ म्हणायची. तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत असायचा.

तर त्या ऑक्टोबरात शेडचं गाडं रुतून बसलं होतं. ऊबेच्या खोलीचा हीटर वसंतात जळाला होता. नवा ठरला होता, कर्जही ठरलं होतं. पण ऑडिटचा कागद हातात पडल्याशिवाय कर्ज देणारे पैसे सोडायला तयार नव्हते, आणि ऑडिट जानेवारीपासून अडकलं होतं. कशात अडकलं, ते शेडचा मॅनेजर सांगत नव्हता. मॅनेजर म्हणजे आमच्या चर्चचा सेवक, डीकन ॲम्झी रड. चौऱ्याहत्तरचा, काटकुळा, चर्चमध्ये गाण्याची ओळ सोडणारा. तो एकेक ओळ सोडायचा आणि लोक ती उचलून लांबवत न्यायचे. विचारलं की म्हणायचा, “चाललंय. होईल.” एवढंच.

सोमवारी इडेलाचा नवरा क्लिओफस ट्रॅक्टरवर होता. नांगराचा फाळ वरंबा उलटत जायचा आणि मागून इडेला आणि मजुरीच्या चार बाया हातमोजे घालून रताळी वेचायच्या. नव्या रताळ्याची साल इतकी कोवळी असते की नख लागलं तरी निघते. वाकून वाकून कंबरेचा पत्ता नव्हता. गुरुवारपासून पाऊस, असं रेडिओनं सांगितलं होतं. बांधाला लाकडी पेट्यांची रांग लागली होती आणि त्या न्यायच्या कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

शेजारचा एझेल स्पाईट ट्रक थांबवून खिडकीतून म्हणाला, “खणतेस कशाला गं? तिथंच राहू दे. जमिनीत सडलं तर उचलायचे कष्ट तरी वाचतात.”

“डीकनला जाऊन सांग,” इडेला मान वर न करता म्हणाली. “नऊ महिने झाले. नऊ महिन्यांत बाई बाळंत होऊन मोकळी होते.”

“हे जुळं दिसतंय.”

बाया हसल्या. इडेलानं एप्रनच्या खिशातून घडीचा कागद काढून त्याला दाखवला. मॅनेजर बदलावा, असा अर्ज. एकवीस सह्या झाल्या होत्या आणि पहिली तिची होती. प्रत्येक घरी ती स्वतः गेली होती आणि प्रत्येक घरी एकच वाक्य बोलली होती: ज्याला दाखवायला काही नाही तो लपवतो कशाला?

तेवढ्यात डीकन ॲम्झीची जुनी पिकअप बांधाशी येऊन थांबली. तो उतरला, वरंबे ओलांडत आला आणि चार पावलांवर उभा राहिला.

“सिस्टर इडेला,” तो चर्चमधल्या रीतीनं म्हणाला, “दोन शब्द बोलायचे होते. बाजूला येतेस का?”

“इथंच बोला, डीकन. शेड तुमची एकट्याची नाही, मग बोलणं एकट्याचं कशाला?”

“तसं नाही. तुझ्याच—”

“उन्हाळ्यात दोनदा माझ्या पायरीवर आलात. दोन्ही वेळा मी जाळीचं दार उघडलं नाही. आता तर शेतात दारच नाही, काय करू?” बायांनी तोंडावर हात घेतले. “शनिवारी सभा आहे. काय सांगायचं ते तिथं सगळ्यांना सांगा. आणि मी तुम्हांला मागंच सांगितलं होतं, माणसाचा हात स्वच्छ असला की तो खिशात ठेवावा लागत नाही.”

डीकनचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. त्यानं ते बाहेर काढले. मग उगाच वाकून एक रताळं उचललं आणि अंगठ्यानं त्याची माती पुसली. “माल चांगला आलाय,” म्हणाला.

“आलाय ना. ऊब असती तर टिकलाही असता.”

त्यानं ते रताळं पेटीत टाकलं नाही. वाकून, इतरांच्या मध्ये जागा करून अलगद ठेवलं आणि आल्या वाटेनं गेला. पाठमोरा होता तोवर कुणी हसलं नाही. गाडी सुरू झाल्यावर सगळे हसले.

त्या दिवशी इडेलाला फार बरं वाटलं. हे ध्यानात ठेवा.

बुधवारी ती शेडवर गेली. सभेआधी दप्तर बघायचं आणि काय सापडेल ते शनिवारी सगळ्यांसमोर वाचायचं, असं तिनं ठरवलं होतं. ऑफिस म्हणजे पट्ट्यामागची लहानशी खोली. भिंतीवर अंत्यसंस्कारवाल्यांचं कॅलेंडर, खिडकीत मातीनं माखलेल्या रताळ्यांचे नमुने.

“भागधारकाला दप्तर बघायचा हक्क आहे,” ती उभ्यानंच म्हणाली. “कायदाच आहे तसा.”

“आहे,” डीकन म्हणाला.

“मग ऑडिटचं काढा.”

तो हलला नाही. “आज नको बघूस. शनिवारनंतर बघ.”

“शनिवारनंतर तुम्ही या खुर्चीत नसाल.”

“नसेन.” त्यानं किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून तिच्याकडं सरकवला. “तिसरा कप्पा.” आणि तो बाहेर गेला. पट्ट्याच्या रुळांना तेल देत असल्याचा आवाज यायला लागला. माल नसताना रुळांना तेल कशाला द्यायचं?

फाइल जाड नव्हती. जानेवारीत ऑडिट करणाऱ्या, जॅक्सन शहरातल्या तपासनीस बाईंनी प्रत्येक भागधारकाला एकेक पत्र पाठवलं होतं. तुमच्या नावावर इतके भाग आहेत, बरोबर असेल तर सही करून परत पाठवा, असं. सह्या होऊन आलेली पत्रं नावांप्रमाणं लावलेली होती. ज्या घरचा माणूस गेला होता तिथं घरच्यांनी पत्रावर ‘वारले’ असं लिहून खाली आपलं नाव घातलं होतं. सभेत ‘हजर’ म्हणणं वेगळं आणि कागदावर लिहिणं वेगळं, हे त्या साध्या माणसांना कळलं होतं.

एकच पत्र वेगळं काढून टाचणीनं लावलेलं होतं. होझिया टब्ज, चाळीस भाग. बरोबर. खाली सही. पहिल्या अक्षराच्या पायाला शेपटी काढलेली.

त्यावर पिवळी चिठ्ठी होती: ‘हे भागधारक अकरा वर्षांपूर्वी मृत्यू पावल्याची सरकारदरबारी नोंद आहे. ही सही कोणी केली? खुलासा होईपर्यंत तपासणी पूर्ण करता येणार नाही.’

त्यामागं बाईंची आणखी पाच पत्रं होती. प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा कडक. शेवटच्यात लिहिलं होतं की ही सही कंपनीच्या ऑफिसातच झाली असावी, असं आता धरून चालावं लागेल. आणि प्रत्येक पत्राला डीकनचं उत्तर तेच: पत्रं माझ्या हातून गेली आणि माझ्या हातून आली. जबाबदारी माझी. कोणी सही केली ते मी सांगू शकत नाही.

इडेला खुर्चीवर बसली.

लाकडं कापायच्या करवतीनं होझियाची उजव्या हाताची तीन बोटं गेली तेव्हा इडेला बारा वर्षांची होती. तेव्हापासून बियाण्याची बिलं, खताच्या पावत्या, सगळ्यांवर बापाची सही तीच करायची. ती शेपटी तिनंच काढली होती, तिला ती दिसायला छान वाटायची म्हणून. जानेवारीत पत्र आलं तेव्हा चुलीवर घेवड्याचे दाणे शिजत होते. तिनं हात पुसले, टेबलाशी बसली आणि सही केली. दर वर्षी तोंडानं सांगते ते या वर्षी पेनानं सांगितलं, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

पण देवाच्या कानावर दोन्ही बाजू असतात, म्हणून दुसरीही सांगतो. इडेलाला एक भाऊ होता, लमार, शिकागोत. ‘वारले’ लिहिलं असतं तर वारस विचारले गेले असते, आणि निम्मे भाग लमारचे झाले असते. त्यानं ते विकून टाकले असते, असं तिला वाटायचं. अकरा वर्षांत, अकरा ख्रिसमसच्या फोनांत, तिनं त्या भागांचं नावही त्याच्याजवळ काढलं नव्हतं. बाप सभेत हजर असला की भाऊ गैरहजर राहत होता.

ती बाहेर आली. डीकन रुळापाशी तेलाचा डबा घेऊन उभा होता.

“तुम्हांला माहीत होतं.”

“ती शेपटी मी चाळीस वर्षं बघतोय, बाई.”

“मग त्यांना सांगितलं का नाही?”

“मेलेल्या माणसाची सही म्हणजे गुन्हा. तू आपणहून सांगितलंस तर ती चूक ठरेल, कदाचित. मी सांगितलं तर चुगली, आणि मग पोलीस तुझ्या दारात.” त्यानं डब्याचं झाकण लावलं. “दोनदा आलो होतो सांगायला. जाळीच्या दाराबाहेरून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं ते. आणि सोमवारी शेतात चार बाया होत्या.”

इडेलाला त्याच्या तोंडाकडं बघवेना. ती त्याच्या हातांकडं बघत राहिली. हात तेलानं काळे झाले होते.

“माझंही चुकलं,” तो म्हणाला. “ऑडिट अडलंय, हे लोकांना सांगायला पाहिजे होतं. त्यांचा पैसा आहे, त्यांचं पीक आहे. पण अडलंय म्हटलं की कुणामुळं, हे पुढं येतंच. तेवढं झाकताना बाकीचंही झाकत गेलो. शनिवारी मी राजीनामा देतो. तपासनीस बाई माझ्यावर ठपका ठेवतील आणि कागद पुरा करतील. हीटर दोन आठवड्यांत येईल. तुझा माल वाचेल. तू काही बोलू नकोस.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हातारा माणूस. मला कोण काय विचारतंय?”

परतताना ट्रकमध्ये तिला आपलेच शब्द आठवत होते. हात स्वच्छ असला की खिशात ठेवावा लागत नाही. स्टिअरिंगवरचा स्वतःचा हात तिला परक्याचा वाटायला लागला.

गुरुवारी पहाटेच पाऊस आला. राहिलेल्या आठ सऱ्यांत ट्रॅक्टर घालता येईना, म्हणून नवराबायको दोघं फावडी घेऊन उतरले. चिखल बुटाच्या वर यायचा. क्लिओफसचा खुबा दुखरा होता. तो प्रत्येक पावलाला आधी फावडं रोवायचा आणि मग पाय उचलायचा. रताळी चिखलातून निघताना चपक चपक आवाज व्हायचा. काहींना आत्ताच आंबूस वास येत होता.

तिनं चिखलात उभं राहूनच त्याला सगळं सांगितलं. घरात, टेबलाशी बसून सांगायची हिंमत नव्हती.

क्लिओफसनं फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवली. टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं. “तू मला विचारून सही केली असतीस,” तो म्हणाला, “तर मी काय म्हणालो असतो, माहीत आहे?”

“काय?”

“कर म्हणालो असतो.” त्यानं एक ढेकूळ फोडलं. “तो पायरीवर उभा होता तेव्हा मी आत बसून मक्याचं कणीस खात होतो. तू त्याला घालवलंस आणि मी हसलो. तुझ्या वाटणीची लाज तू घे, माझी मी घेतो.”

“तो म्हणतो, बोलू नकोस. माल वाचेल.”

“वाचेल खरा.”

“मग?”

“मग काय? दुसऱ्याच्या बदनामीवर वाचलेली ती रताळी खायला कोण बसणारेय?” आणि तो पुन्हा खणायला लागला.

शुक्रवार उजाडला. स्वयंपाकाला लागली तर मीठ दोनदा पडलं. जाळीच्या दाराशी गेली आणि बाहेरच्या बाजूनं पायरीवर उभी राहून आत बघितलं. जाळीतून आतलं माणूस दिसत नाही. पण आतून बाहेरचं माणूस अगदी लख्ख दिसतं. उन्हाळ्यात डीकननं इथंच टोपी काढून छातीशी धरली होती. ते तिनं तेव्हाही बघितलं होतं.

शनिवारी दुपारी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता. एकवीस सह्यांचा कागद इडेलाच्या मांडीवर होता. एझेल शेजारी येऊन बसला. “तुझं भाषण लांबलचक असेल तर मी आधीच कॉफी पिऊन येतो.”

रिवाजाप्रमाणं डीकननं गाण्याची ओळ सोडली. त्याचा आवाज चिरका होता, पण ओळ सरळ गेली. एरवी ती उचलणारा पहिला आवाज इडेलाचा असायचा. त्या दिवशी ओळ हवेत तशीच राहिली. कुणीतरी खालच्या सुरात धरली, दुसऱ्यानं वर, आणि गाणं कसंबसं ओढत पार पडलं. बायका वळून इडेलाकडं बघायला लागल्या.

हजेरी सुरू झाली. नावामागून नाव. हजर. हजर. हिरॅम टेट गेल्या साली गेला होता, त्याची सून उठून ‘हजर’ म्हणाली.

“होझिया टब्ज,” डीकन म्हणाला.

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

त्यानं मान वर केली नाही. “होझिया टब्ज.”

एझेलनं कोपर मारलं. “ऊठ की. झोप लागली का?”

इडेला उठली. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. “हजर नाही,” ती म्हणाली. “पप्पा जाऊन अकरा वर्षं झाली. जानेवारीत त्यांच्या पत्रावर सही झाली, त्यावरून ऑडिट अडलंय. ती सही माझी. डीकनना ठाऊक होतं. ते मला सांगायला तीनदा आले, आणि मी त्यांना काय काय बोलले ते तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, कारण घरोघर जाऊन मीच सांगितलंय.”

आणखी बोलायचं होतं, पण आवाज गेला. ज्या आवाजाचं सगळ्या फोर्कला कौतुक, तो नेमका तेव्हा गेला. तिनं मांडीवरून घसरलेला अर्ज उचलला, एझेलच्या खिशातली पेन्सिल घेतली आणि आपली सही खोडली.

“वीस राहिल्या,” मागून कुणीतरी म्हणालं. “विसांनीही चालतं. त्यानं आमच्यापासून नऊ महिने लपवलंय की.”

“माझी काय खरडपट्टी काढायची ती काढा,” डीकन म्हणाला. “ते बरोबरच आहे.”

मत घेतलं गेलं. अकरा हात डीकनच्या विरोधात वर आले, आणि त्यांत काही चुकीचं नव्हतं. बाकीचे वर आले नाहीत. एझेलचा अर्धा वर आला होता, मग त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं.

डीकनच मॅनेजर राहिला. यादीची वही आणि पेन घेऊन तो खुर्च्यांच्या मधून चालत इडेलापाशी आला. “नाव आता काढावं लागेल,” हळू आवाजात म्हणाला. “तूच काढ. तुझ्या हाताला सवय आहे.”

तिनं होझिया टब्ज या नावावर रेघ ओढली. रेघ सरळ आली नाही. मग तिनं दोन्ही हातांनी डीकनचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तो म्हणाला, “बस आता, बस. लोक जेवायचे थांबलेत.”

सोमवारी ती क्लिओफसबरोबर जॅक्सनला जाऊन लेखी जबाब देऊन आली. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि फक्त म्हणाल्या, हे जानेवारीत सांगायला हवं होतं. खटला झाला नाही. बाराव्या दिवशी हीटर आला. तोवर इडेलाच्या चाळीस पेट्यांतल्या चौदा सडल्या होत्या. त्या तिनं मजूर न लावता स्वतः फावड्यानं ओघळीत लोटल्या. आंबलेला वास आठवडाभर तिच्या केसांतून गेला नाही, आणि तिनं तो धुवायची घाईही केली नाही.

सगळ्यांत जड गेला तो फोन. लमारला तिनं भागांचं सांगितलं.

“विकायचे असतील तर तुझी मर्जी,” ती म्हणाली.

“विकायचं राहू दे,” लमार म्हणाला. “माझ्यासाठी पप्पांनी काही ठेवलं होतं? मला वाटत होतं, मी घर सोडून गेलो म्हणून त्यांनी माझं नाव टाकलं. अकरा वर्षं तसंच धरून होतो मी, इडेला.”

फोन कानाशी धरून ती उभी राहिली, आणि भाऊ काय बोलेल ते ऐकत राहिली. त्या दिवशी तो पुष्कळ बोलला.

आता सभेत हजेरी होते ती जित्या माणसांचीच. टेटच्या सुनेचं नाव झालं की एकदम वॉकर येतो. पण त्या दोन नावांच्या मध्ये डीकन ॲम्झी एक श्वास घेतो, एरवीपेक्षा जरा लांब, आणि सगळी शेड तेवढा वेळ गप्प असते. मायबापहो, तुम्ही एवढं ऐकलंत, तर एक करा. ज्या हाताला दोनच बोटं राहिली त्या हातानं त्यानं ही टेकडी नांगरली, आणि दोन्ही लेकरांसाठी चाळीस भाग मागं ठेवले. यादीत आता त्याचं नाव नाही. तुमच्या मनात त्या एका श्वासाएवढी जागा ठेवा, आणि होझिया टब्जला आठवा.